दोघांची पावडर

शैलेशने गाडीच्या डिकीआड उभं राहून स्पोर्ट्स ड्रिंकच्या पावडरीच्या दोन्ही पुड्या आपल्याच बाटलीत रिकाम्या केल्या. बायकोच्या बाटलीत त्याने साधं पाणी भरलं आणि झाकण घट्ट लावलं.

पौडहून मालेपर्यंतची शर्यत सुरू व्हायला दहा मिनिटं होती. सख्खा नवरा इतका खाली उतरतो का? उतरतो. दोन वर्षांपूर्वी त्यानेच किमयाला भूगावच्या रस्त्यावर पळायला शिकवलं, श्वास कसा घ्यायचा तेसुद्धा. आता दर रविवारी ती पुढे आणि हा मागे. सोसायटीतले लोक त्याला ‘किमयाचे मिस्टर’ म्हणायला लागले होते. ते ऐकलं की त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. ती पळते ती या पावडरीच्या जोरावर, अशी त्याने मनाची समजूत घातली होती. आज एकदा, फक्त एकदा, त्याला तिच्या आधी पोचायचं होतं.

“भरलीस बाटली?” किमयाने विचारलं.

“भरली ना. घे.”

“थँक्यू रे.”

तो वाकून बुटाची नाडी पुन्हा बांधू लागला.

अर्ध्या वाटेपर्यंत तो पुढे होता. मग तिने त्याला गाठलं, “चल, चल!” म्हणाली आणि बघता बघता वळणाआड गेली. शैलेशने उरलेली बाटली घटाघटा संपवली. तो गोड पाक पोटात डचमळायला लागला, मग कळ आली, आणि तो पोट धरून चालू लागला. साध्या पाण्यावर पळाली बया!

माले दिसू लागलं तेव्हा ती समोरून येताना दिसली. गळ्यात पदक होतं.

“झालं तुझं?” त्याने विचारलं.

“केव्हाच.” ती त्याच्या नारिंगी झालेल्या ओठांकडे बघत होती. “माझ्या बाटलीत पाणी होतं रे.”

“पुडी एकच होती.”

“काल मी दोन आणल्या होत्या.”

त्याने बाहीने ओठ पुसले.

“पोट दुखतंय?”

त्याने मान डोलावली. तिने त्याचा दंड धरला.

रस्त्याकडेला बसून टाळ्या वाजवणारी म्हातारी ओरडली, “अगं, तू तर कवाच म्होरं गेलीस की! परत कशापायी आलीस?”

“ह्यांना न्यायला आले, आजी.”

“व्हय, ने बाई. हाताला धरून ने. लई दमलंय बिचारं.”