सुकुमारचं पिस्तूल

लष्करातून हवालदार म्हणून सुटलो आणि आष्ट्याला घरी आलो, तेव्हापासून गावातल्या झाडून सगळ्यांना वाटायला लागलं, की बंदुकीतलं कळतं ते एका मानसिंगाला. कुणाच्या जुन्या बंदुकीचा घोडा अडकला, न्या मानसिंगाकडे. कुणाच्या उसात रानडुकरं शिरली, बोलवा मानसिंगाला. बांगलादेशची लढाई मी एकट्यानंच जिंकली अशी काही लोकांची समजूत होती आणि ती खोडून काढायला मला वेळ नव्हता. मला या सगळ्याचा वैताग यायचा. पण सुकुमार मगदूम दारात येऊन म्हणाला, "मान्या, मला पिस्तूल घ्यायचंय, सांगलीला संगं चल," तेव्हा वैताग कुठल्या कुठे गेला आणि काळजी वाटायला लागली.

सुकुमार माझा शाळेपासूनचा दोस्त. जैनाचं पोर. आम्ही ओढ्यात खेकडे धरून डब्यात टाकायचो आणि हा आमची नजर चुकवून डबा पाण्यात उलटा करायचा. त्यापायी त्यानं माझ्या हातचा मारही खाल्लाय. असल्या माणसाला पिस्तूल कशाला पाहिजे?

कशाला, ते गावाला ठाऊक होतं. सुकुमार आणि त्याचा धाकटा भाऊ अजितकुमार यांची दोन वर्षांपूर्वी वाटणी झाली. रान वाटलं, घरं वाटली, पण विहीर एकच, ती कशी वाटणार? मग एकाच विहिरीवर दोघांच्या पाणी उपसायच्या दोन मोटारी बसल्या आणि पाण्याच्या पाळीवरून रोज भांडणं सुरू झाली. पुढे भांडणंही थांबली, कारण बोलणंच थांबलं. त्यात गेल्या हिवाळ्यात विहिरीवर चोर आले. रानात झोपलेला सुकुमार बॅटरी घेऊन एकटाच धावला, तर डोक्यात लोखंडी गज बसला. शुद्धीवर आला तेव्हा त्याची मोटार गेलेली होती. शेजारीच अजितची मोटार होती, तिला कुणी हातसुद्धा लावला नव्हता.

लोक नाही नाही ते बोलले. सुकुमार मात्र एक शब्द बोलला नाही. मला तेच आवडलं नव्हतं. भांडणारा सुकुमार मला परवडला असता.

त्यानं परवान्यासाठी अर्ज केला, तेव्हा फौजदारानं मला बोलावून विचारलं होतं, "माणूस कसा आहे?" मी म्हटलं होतं, "साहेब, मुंगी चुकवून पाय टाकणारा माणूस आहे." तेव्हा माझा शब्द त्यात गुंतलेला होता. उद्या या पिस्तुलानं भलतंच काही झालं असतं, तर मला कुणालाच तोंड दाखवता आलं नसतं. म्हणून सांगलीच्या एस.टी.त बसल्याबरोबर मी सरळच विचारलं.

"सुक्या, खरं सांग. हे चोरासाठी हाय का अजितसाठी?"

तो खिडकीबाहेर हळदीची रानं बघत होता. "चोरासाठी," म्हणाला. "आमच्यात सांगितलंय, गड्या. मुनींना चालत न्हाई, पर संसारी माणसाला चालतंय. जो मारायला अंगावर येतोय त्याला अडवायचं. ठरवून मात्र कुणाला मारायचं न्हाई."

"आन् चोर कोन, ते ठरवलंयस का?"

"तू लय बोलतोस," तो म्हणाला आणि पुन्हा बाहेर बघायला लागला.

मी मनाशी ठरवून टाकलं, की दुकानात काही वावगं दिसलं तर याला दंडाला धरून बाहेर काढायचं.

दुकान पेठेत होतं. दुकानदार म्हातारा, जाड भिंगाचा चष्मा, बोलणं गोड. त्यानं परवाना बघितला आणि काचेवर मखमल पसरून तीन हत्यारं मांडली. मी एकेक उचलून बघितलं. एकाची गोळ्यांची चक्री सैल होती. दुसरं इतकं जड, की सुकुमारनं ते नुसतं उचलून मारलं असतं तरी चोर पडला असता. तिसरं विलायती बनावटीचं, जुनं पण नीट राखलेलं. चाप मऊ, नळी आतून स्वच्छ.

"हे घे," मी म्हटलं.

सुकुमारनं दोन्ही हातांनी ते घेतलं, देवळात प्रसाद घेतात तसं. मग दुकानदारानं पिस्तुलासोबतची कमरेला बांधायची पिशवी काढली, तर हा चटकन मागं सरला.

"हे चामड्याचं हाय."

"मग कशाचं असणार?" दुकानदार म्हणाला.

"चामडं न्हाई चालत आमाला. कापडाची शिवून घेईन मी."

दुकानदार माझ्याकडे बघायला लागला. मी काय सांगणार? माणसाला गोळी घालायचं हत्यार विकत घ्यायचं आणि ते ठेवायला मेलेल्या जनावराचं कातडं नको! मला हसूही येत होतं आणि रागही येत होता. पण खरं सांगायचं तर मला बरंही वाटलं. कातड्याला भिणारा माणूस भावाला काय मारणार, असं मनात आलं.

मागच्या परसात गिऱ्हाइकाला चालवून बघता यावं म्हणून भिंतीला वाळूची पोती रचून ठेवली होती. दुकानदारानं एका पोत्यावर पुठ्ठा टांगला. मी काडतुसं भरून दिली. सुकुमार पुढे झाला, पोत्यांपाशी वाकला आणि खांद्यावरच्या पंच्यानं हलक्या हातानं पोती झाडायला लागला.

"आता काय?" मी ओरडलो.

"मुंग्या हायत रं."

मुंग्या सुखरूप गेल्यावर त्यानं पहिली गोळी झाडली. डोळे गच्च मिटलेले. गोळी कुठे गेली ते देव जाणे, पण पुठ्ठ्याला नाही लागली. मग मी त्याला रंगरुटासारखं शिकवलं. पाय फाकवून उभा राहा, नळीच्या टोकावरच्या नेम धरायच्या माशीवर नजर ठेव, श्वास अर्धा सोड, चाप ओढू नको, दाब. दुसरी गोळी पोत्याच्या कडेला लागली आणि वाळू भुरभुरली. हात लटलट कापत होता.

दुकानदाराला घाई होती. तो म्हणाला, "असं नाही जमायचं. समोर चोर उभा आहे असं धरा. त्याचं तोंड डोळ्यांपुढे आणा, म्हणजे हात स्थिर होतो."

सुकुमार थोडा वेळ तसाच उभा राहिला. मग त्यानं हात उचलला. या खेपेला हात कापत नव्हता. गोळी पुठ्ठ्याच्या बरोबर मधून गेली.

"वा! शाबास!" दुकानदारानं टाळी वाजवली.

मला मात्र ते खटकलं. मी लढाई बघितली आहे. नवखा माणूस असा एकाएकी स्थिर होत नाही. सुकुमारनं पिस्तूल मी शिकवलं होतं तसं, नळी भिंतीकडे करून, खाली ठेवलं आणि पायरीवर जाऊन बसला. चेहरा पांढराफटक पडला होता.

"कुणाचं तोंड आणलंस?" मी विचारलं.

"चोराचंच आणत हुतो. दिसंना. अंधारात बघितलंच न्हवतं मी त्याला." त्यानं पुठ्ठ्याकडे बघितलं. "मग अजित आला. आपणहून आला, मान्या. डोळं उघडं हुतं माझं. आन् मी दाबलं."

"ऊठ," मी म्हटलं. "पुठ्ठ्याला लागलीया, माणसाला न्हाई. हे घ्यायचं न्हाई आपल्याला. चल घरला."

"तुला कळंना झालंय. ठरवून मारलं मी त्याला. मधी पुठ्ठा हुता, एवढंच."

दुकानदाराची कशीबशी समजूत घालून मी त्याला तिथून बाहेर काढलं. परतीच्या एस.टी.त बसलो. मला वाटलं, चला, सुटलो. पिस्तूल दुकानात राहिलं, माझा शब्द राहिला, आता घरी जाऊन दोन घास खावेत. पण आष्ट्याला उतरल्यावर सुकुमार आपल्या घराच्या वाटेला वळलाच नाही. तो अजितच्या घराकडे निघाला. मी मागं धावलो.

अजित सोप्यात सूप घेऊन भुईमुगाच्या शेंगा निवडत बसला होता. त्याची बायको त्रिशला आतल्या दारात उभी होती. दोन वर्षांत न आलेला थोरला दीर अंगणात बघून तिनं चटकन पदर सारखा केला.

"अजित," सुकुमार म्हणाला, "आज दुपारी सांगलीत मी तुला गोळी घातली. मला क्षमा कर."

अजितनं आधी त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाऊ भ्रमिष्ट झाला की काय, असं त्याच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं. मी पुढं होऊन दुकानातली सगळी हकीकत सांगितली. सांगताना माझीच मला लाज वाटत होती, पण अजित हसला नाही. त्यानं सूप बाजूला ठेवलं.

"कुठं लागली?" त्यानं विचारलं.

"छातीत. मधोमध."

मग अजित खाली मान घालून म्हणाला, "तुझी मोटार मी नेली न्हाई, अण्णा. मी कुणाला सांगितलंबी न्हाई."

"ठावं हाय मला."

"ठावं न्हाई तुला." अजितनं मान वर केली नाही. "रानातच, माझ्या खोपीत जागा हुतो मी त्या राती. मोटार खोलत्यात ते ऐकाय येत हुतं. म्हटलं, नेत्यात तर नेऊ देत. मग तुझी हाक आली. माझं नाव घिऊन हाक मारलीस तू. दोनदा. मी पडून ऱ्हायलो. उठलो न्हाई."

त्रिशलानं तोंडाला पदर लावला. तिलाही हे नवीन होतं. माझा हात आपोआप सुकुमारच्या दंडाकडे गेला, पण मी तो धरला नाही. इतकी वर्षं ओळखत असलेला माझा मित्र आता काय करेल, हे मला सांगता येत नव्हतं. मला भीती वाटली, खरोखरची भीती.

सूर्य घरांच्या मागं उतरला होता. दिवस बुडायच्या आत जेवणं उरकायची, हा या घरांचा नेम. त्रिशला कशीबशी अजितला म्हणाली, "आवं, दिस बुडाय लागलाय. पान एकच वाढू का दोन?"

अजित तसाच मान घालून बसला होता आणि त्याच्या डोळ्यांतलं पाणी जमिनीवरच्या शेंगांवर पडत होतं. सुकुमारनं कोपऱ्यातला तांब्या उचलला. पाय धुतले, हात धुतले, पंच्यानं कोरडे केले. अजितच्या बाजूनं तो आत गेला आणि पाटावर बसल्याचा आवाज आला. मग आतूनच त्यानं हाक मारली.

"अजित! ये की रं."

अजित उठला.