दारावर

योगराजदादा आमदार झाले ते भाषणांनी नव्हे, बायकोच्या, हर्षदाच्या पायांनी, असं त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई सरलाबाईंचं ठाम मत होतं आणि ते त्या कोणालाही ऐकवायच्या. लिंबायतात, त्यांच्या मतदारसंघातल्या खानदेशी वस्तीत, कोणी गेल्याची खबर आली की दादा सांगायचे, "हर्षदाला पाठवतो." खानदेशी माणसाच्या लग्नाला गेलं नाही तर एकवेळ चालतं, मयताच्या घरी दारावर गेलं नाही, तर तो जन्मभर विसरत नाही. हर्षदा साधी साडी नेसून जायची, अनोळखी बायांच्या गळ्यात पडून खरंखुरं रडायची. परत आली की अंगावर पाणी घेतल्याशिवाय घरात कशाला शिवायची नाही.

गेल्या हिवाळ्यात तिच्या छातीत गाठ निघाली. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन ताबडतोब करा. निवडणूक तोंडावर होती. दादा म्हणाले, तू म्हणशील तसं. आणि हर्षदानंच मतदानानंतरची तारीख घेतली. सरलाबाईंनी जावयापुढे हात जोडले, लेकीशी अबोला धरला, जेवण सोडलं.

"माय, आपण कोना दारवर नही गऊत, ते आपला दारवर कोन यी?" एवढं बोलून हर्षदा अंगात ताप असताना भेस्तानला एका मयताच्या घरी निघून गेली.

सरलाबाईंच्या हातात एकच गोष्ट उरली होती, पाणी तापवणं. 'हर्षदाला पाठवतो' कानावर पडलं की त्या जावयाच्या नावानं बोटं मोडत गॅसवर पातेलं चढवायच्या. निदान पोरीनं गार पाणी तरी घेऊ नये.

दादा निवडून आले. तोवर दुखणं हाताबाहेर गेलं होतं. उन्हाळ्यात हर्षदा गेली, चाळिशीसुद्धा गाठली नाही.

दारावर माणसं मावेनात. कोसाड, भेस्तानहून रिक्षा भरभरून बाया आल्या. लेकीचं म्हणणं खरं ठरलं, याचाच सरलाबाईंना संताप आला.

दशक्रियेच्या आदल्या दिवशी दादा ओसरीत लोकांमध्ये बसले होते. त्यांचा कार्यकर्ता वाल्मिक कानाशी वाकला. गल्लीतला उखा म्हातारा गेला होता.

"हर्षदाला पाठवतो," दादा म्हणाले.

बाया रडायच्या थांबल्या. दादांनी सवयीनं स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. दारात सरलाबाई उभ्या होत्या. जावयाला चार माणसांत सोलून काढायचं, हे त्यांनी कितीतरी दिवस मनाशी धरलं होतं. पण त्यांच्या हातात पाण्यानं भरलेलं पातेलं होतं आणि मागे गॅस त्यांनीच पेटवलेला होता.