मानसिंगचा दगड

आमच्या बिरोबाचा डोंगर म्हणजे माळावरची मोठी टेकडीच, पण वर चढताना म्हाताऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो. माथ्यावर देऊळ आणि देवळाभोवती पुरुषभर उंच तट. तो कुणा राजानं बांधलेला नाही. गावात मूल जन्मलं की बापानं एक दगड डोक्यावर वर न्यायचा आणि तटात बसवायचा. माणूस मेलं की घरच्यांनी त्याच्या दगडाला चुना फासायचा. कुणाचा दगड कुठला, हे बायकांना तोंडपाठ.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. पायथ्याला सरकारनं खडी फोडायचं काम काढलं. उन्हाळ्यात उघडा दगड संपला आणि सुरुंगवाला काही येईना. मुकादमानं सांगितलं, "शनवारपत्तुर ज्याचा ढीग पुरा न्हाय, त्याचं नाव कटाप." नाव गेलं की मजुरी गेली आणि पोरांना खायला मिळणारी सुकडीही गेली.

गाव देवळात बसलं. धोंडिराम गुरवानं देवाला हात जोडले. मग म्हणाला, "तटातलं चुन्याचं दगड काडा. मेल्याल्यांचं. जित्त्याच्या दगडाला घण लावायचा न्हाय. अन् ज्यानं त्यानं आपल्याच घरचा फोडायचा."

मी माझ्या बापाचा फोडला. लाज वाटली, पण पोरं जेवली.

मथुराबाईच्या घरचे चुन्याचे सगळे दगड शुक्रवारी दुपारी संपले. ढीग एका टोपलीनं कमी होता. घरातल्या बायका परगावाहून आलेल्या, म्हणून तटात तिच्या घरचे दोनच दगड उरले. एक तिच्या मानसिंगचा, दुसरा पाच वर्षांच्या नातीचा, रुद्राणीचा. मानसिंग दोन वर्षांपूर्वी सोलापूरला गिरणीत काम बघतो म्हणून गेला, तो गेलाच. पत्र नाही, निरोप नाही.

त्याची बायको केसरबाई चुन्याची वाटी घेऊन तटाशी गेली. सासू मागोमाग धापा टाकत आली.

"केसर, माजं लेकरू जित्तं हाय."

"आसंल की."

"मग चुना कुणाला लावतीस? कपाळ पुसावं लागंल तुला."

"कपाळानं पोट भरतंय व्हय, आत्या? उद्या नाव कटलं तर रुद्रीला काय घालू?"

तिनं दगडाला चुना फासला. मग पदरानं कुंकू पुसलं आणि बांगड्या तटावरच फोडल्या. गुरव तोंड फिरवून उभा राहिला. आम्हीही तिला अडवलं नाही. शनिवार आम्हालाही होताच. दगड तिनं स्वतः खाली आणला आणि स्वतः फोडला. मथुराबाई तेवढा वेळ रडत होती, पण शेवटी टोपली भरायला तिनंच हात लावला. शनिवारी नाव राहिलं.

पुढं पाऊस झाला. गावानं तट पुन्हा उभा करायला घेतला आणि त्याच दिवसांत मानसिंग आला. अंगात टेरिकॉटचा शर्ट, हातात ट्रान्झिस्टर. आईच्या पाया पडला, मग बायकोचं कपाळ बघून भडकला.

"मी जित्ता हाय की. हे काय करून घेतलंयस? अन् माजा दगड कुटं हाय?"

"रुद्रीनं खाल्ला," केसरबाई म्हणाली.

मथुराबाईनं सगळं सांगितलं तेव्हा तो खाली बसला. दुसऱ्या दिवशी चांगला जड दगड डोक्यावर घेऊन तो डोंगर चढला. गुरवानं दगड जुन्या जागी बसवला, नारळ फोडला आणि कुंकवाचा करंडा केसरबाईपुढं धरला.

तिनं चिमूटभर कुंकू घेतलं. बिरोबाला लावलं, रुद्रीच्या कपाळाला लावलं. मग बोट पदराला पुसून म्हणाली, "चला आत्या, खुरपणी राह्यलीया."