चुकलं असेल तर चुकलं

बाळांनो, जरा डोळ्यांसमोर आणा. वांग्याच्या रोपांचा एक वाफा आहे, आणि त्यात घोटाभर पाणी तुंबलंय. रोपं एका मुलीची. बी टाकण्यापासून कीड वेचण्यापर्यंत सगळं तिनं केलेलं. वरच्या अंगाला तिच्या काकाचं शेत. पाण्याची पाळी त्याची होती. पाट फोडून हा झाडाखाली घोरत पडला, आणि त्याच्याकडचं पाणी उतरलं ते थेट हिच्या वाफ्यात.

ऊन चढायच्या आत पाणी निघालं, तर रोपं जगणार होती. त्यासाठी खालचा बांध फोडायला हवा. पण बांधाखाली काकाचंच खळं, आणि खळ्यात त्याचा वाळलेला चारा.

काका आला. फावडं घेऊन नव्हे, सुताराला घेऊन. या माणसाला माफीसुद्धा बघ्याशिवाय मागता येत नसे.

"हे बघ," तो धाकट्या भावाला, म्हणजे मुलीच्या बापाला म्हणाला, "चुकलं असेल तर चुकलं. तुझा बांधच उंच, पाणी जाणार कुठं?"

"थोरला भाऊ स्वतः आलाय," सुतार म्हणाला. "आणखी काय पाहिजे?"

मुलीचा बाप लगेच विरघळला. चारचौघांत मोठ्या मनाचं दिसायची त्याला भारी हौस. आणि त्याचं जात काय होतं?

"जाऊ दे दादा. विसरलो मी."

"बाबा, तुम्ही कसे विसरता? रोपं माझी आहेत!"

"गप गं. मोठ्यांच्यात बोलू नये."

"काका, बांध फोडा ना. अजून जगतील."

"आणि माझा चारा भिजू दे?"

"उचलून ठेवू. मी येते हाताखाली."

"एवढा चारा कोण उचलणार? माफी मागितली ना! आता काय नाक घासू? एवढीशी पोर, पण मनात किती धरून ठेवते बघा!"

बघितलंत? झोपला हा, आणि कोत्या मनाची ती! अशी माणसं माफी मागत नाहीत, आपलं ओझं समोरच्याच्या डोक्यावर ठेवून मोकळी होतात.

मग दोघा भावांनी गळाभेट घेतली. तीही वाफ्यात उभं राहून. पायाखाली रोपं चिरडली, ती कुणाला दिसली नाहीत. सुताराचे तर डोळे पाणावले.

मुलीनं फावडं आणलं आणि खालच्या बांधावर घातलं. पाणी खळखळत खळ्याकडे धावलं.

"अगं ए! माझा चारा!" गळाभेट सोडून काका ओरडला.

"चुकलं असेल तर चुकलं, काका," ती म्हणाली, आणि बांधाला पडलेली फट आणखी रुंद करू लागली.