तळणीजवळचा माणूस

"आणि हे कोण?" मी विचारलं.

तळणीजवळ एक म्हातारबुवा झारा घेऊन उभे होते. माझ्यामागून येणारा दुकानाचा तरुण मालक हसला. "हे होय? हे बाबा. घरचेच आहेत."

"ते दिसतंयच, नाक सारखं आहे. पण तळतायत ना?"

विमा कंपनीतर्फे दुकानं तपासणं हे माझं काम. बायको म्हणते, "पगार बंद झाला तरी तुमच्या चौकशा काही बंद व्हायच्या नाहीत." खोटं नाही. हा माणूस इथे का उभा आहे, ते दार बंद का आहे, हे कळल्याशिवाय मला चैन पडत नाही. इथे तर चौकशी भागच होती. खाद्यपदार्थांच्या दुकानांच्या ज्या मोठ्या साखळीची फ्रँचायझी या मुलाने नोकरी सोडून घेतली होती, तिची अट साफ होती. आगीचा विमा हवा, गिऱ्हाइकांचा हवा आणि स्वयंपाकघरात राबणाऱ्या प्रत्येक माणसाचा हवा. माझा अहवाल गेल्याशिवाय दुकान उघडणार नव्हतं; आजचं तळण नुसतं चाचणीचं होतं.

बाकी सगळं चोख होतं. आग विझवायची नळकांडी जागच्या जागी, गॅसची चावी हाताशी. फक्त कामगारांत बाबांचं नाव नव्हतं.

"त्यांना कामगार कसं म्हणू?" मुलगा म्हणाला. "याच जागेत त्यांची खानावळ होती. मी रांगायला लागलो तो इथेच."

"उकळतं तेल बाप कोण, नोकर कोण ते बघत नाही."

म्हातारबुवांनी बटाट्याचे काप झाऱ्यात निथळले. "अहो, मग घाला की मला नोकरांत! आजवर याच्या आईचं ऐकलं, आता याचं ऐकेन. आपल्याला सवय आहे."

आम्ही तिघेही हसलो. पोराच्या हाताखाली नोकर म्हणून राहायला बाप एका पायावर तयार होता, याचं मला फार नवल वाटलं. तळणीपाशी उभं राहायला मिळालं की त्यांना बाकी काही नको होतं.

"वय काय तुमचं?"

"सत्तरी उलटली की हो कधीच."

"पासष्टीच्या पुढचा कामगार या विम्यात घेत नाहीत, काका."

मुलाचा चेहरा उतरला. "साहेब, एवढ्यातेवढ्याने काय होतंय? कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय ना."

"मग राहू दे ते दुकान! बाबांना बाहेर काढून मला नाही उघडायचं."

"गप रे," म्हातारबुवा म्हणाले. "डोक्यात राख घालून घेऊ नकोस." मग माझ्याकडे वळले. "एक सांगा. समोर बसलेल्या गिऱ्हाइकाला काही झालं तर?"

"त्याचा विमा वेगळा असतो."

"त्याला वयाची अट?"

"छे! शंभरीचा आला तरी चालतो."

"मग अडलंय कुठे?"

त्यांनी झारा मुलाच्या हातात दिला, अ‍ॅप्रन सोडून खुंटीला टांगला आणि काउंटरला वळसा घालून ते बाहेर आले. स्वयंपाकघराच्या अगदी जवळचं टेबल त्यांनी निवडलं. मला वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं. पण तळणीपाशी आता बाबा नव्हते, तेव्हा लिहायचं ते मी तिथेच उभ्या उभ्या लिहिलं.

आत मुलाने नवा घाणा सोडला. तेल चरचरलं. थोड्या वेळाने त्याची हाक आली, "बाबा, बघा ना जरा, झाले का?"

म्हातारबुवा चटकन उठले, काउंटरच्या आडव्या फळीपर्यंत गेले आणि तिथेच थबकले.

"मला काय विचारतोस? मी गिऱ्हाईक," ते म्हणाले. आणि फळीवर दोन्ही हात टेकून, मान उंच करून, आत बघत उभे राहिले.