कचऱ्याच्या गाडीतून परत आलेला अ‍ॅम्प

मित्रांनो, मी बास गिटारचा आवाज मोठा करणारा एक जुना अ‍ॅम्प आहे. वय सेहेचाळीस, वजन बेचाळीस किलो. माझ्या पोटात काचेचे दिवे आहेत. ते तापल्याशिवाय मी तोंड उघडत नाही, आणि कधीकधी डावीकडे एक लाथ बसल्याशिवायही उघडत नाही. म्हातारपणाची खोड म्हणा.

हमामात्सु नावाच्या जपानी शहरात, एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. माझी पेटी जोडणारा सुतार म्हणाला होता की ही माझ्यामागेही टिकेल. तो बिचारा गेला, मी आहे. लग्नाच्या हॉलात वाजलो, शाळेत वाजलो, मग एका घराच्या कोठीत अकरा वर्षं डोक्यावर मुळ्याच्या लोणच्याची बरणी घेऊन बसलो. तो वास जन्मभर जात नाही, खोटं नाही सांगत. तिथून मला सायोने उचललं.

सायो जेवणाच्या डब्यांच्या दुकानात भात भरते आणि 'ओले मोजे' नावाच्या बँडमध्ये बास वाजवते. गाणारा उत्सुमी. दिवसा तो वॉर्ड ऑफिसात कारकून, इतका नम्र की फोनवरही कमरेत वाकून बोलतो. माइक हातात आला की मात्र घराला आग लागल्यागत किंचाळतो, आणि गाणं संपलं की माफी मागतो. त्यांच्या संगीताला पोस्ट-पंक म्हणतात. त्यात बास पुढे पळतो आणि बाकीचे वैतागत मागून येतात. म्हणजे सगळा भार माझ्यावर.

पण कौतुक? नाव नको. कोएन्जी वस्तीत 'विहीर' नावाचं तळघर आहे, तिथे आम्ही वाजतो. दारावर मालकीण तोमोएबाई बसतात आणि येणाऱ्या प्रत्येकाला विचारतात, "कुणासाठी आलात?" पाहुणा त्या रात्रीच्या बँडांपैकी एकाचं नाव सांगतो, बाई त्या नावाखाली एक रेघ ओढतात. इतकी वर्षं हे ऐकतोय, पण माझं नाव कधी कुणी घेतलं नाही. वाईट वाटतं हो, लपवू कशाला?

गेल्या ऑक्टोबरात सायोला अवदसा आठवली. आमच्याकडे मोडकी खुर्ची, जुनी गादी टाकायची तर एक चिठ्ठी विकत आणून त्यावर चिकटवावी लागते, आणि गाडीने ती वस्तू कधी न्यायची ती तारीख चिठ्ठीवर लिहावी लागते. सायोने तसली चिठ्ठी माझ्या पोटावर डकवली आणि तारखेच्या जागी आमच्या कार्यक्रमाची तारीख लिहिली. झाली जाहिरात. ती आणि उत्सुमी पोट धरधरून हसले. मला काही हसू आलं नाही.

कार्यक्रमाच्या दिवशी व्हॅन सकाळीच मिळत होती. आठ वाजता दोघांनी मला 'विहिरी'समोर फुटपाथवर उतरवलं आणि तोमोएबाईंना उठवायला खाली गेले. शेजारी न्हाव्याची जुनी खुर्ची उभी होती, तसलीच चिठ्ठी लावून. तेवढ्यात कचऱ्याची गाडी आली. गाडीवरच्या नेगिशीकाकांनी खुर्चीवरची तारीख वाचली, माझ्यावरची वाचली, आणि दोघांनाही वर चढवलं. आत लोखंडी जबडा असतो. तो खुर्ची चावत होता आणि पुढचा नंबर माझा होता.

सायो धापा टाकत वर आली, मागोमाग उत्सुमी. "काका, थांबा, तो आमचा आहे. आज संध्याकाळी इथेच खाली वाजायचाय."

काकांनी जबडा थांबवला. "चिठ्ठी आहे, तारीख आजची आहे, वस्तू जागेवर होती. माझं काय चुकलं, पोरी?"

आता उत्सुमीने बोलायला हवं होतं. या चिठ्ठ्यांचे नियम त्याच्याच टेबलावरून जातात. तो कमरेत वाकला आणि म्हणाला, "यांचं काहीच चुकलेलं नाही." मेल्याला काय म्हणावं?

"तू कुणाच्या बाजूने आहेस रे?" सायोने विचारलं. नियमाच्या, असं म्हणून त्याने तिचीही माफी मागितली.

काकांनी डोकं खाजवलं. "चालतो का हा? चालत असेल तर कचरा कसा म्हणू?"

मला खाली उतरवलं, न्हाव्याच्या दुकानातून वायर ओढली, सायोने बास जोडला. मी गप्प. दिवे गारठलेले, आणि भीतीने माझी वाचाच बसलेली. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. काका घड्याळ बघू लागले. सायो माझ्याजवळ वाकली आणि हळूच म्हणाली, "नको ना रे असं करू. तुझ्याशिवाय मी कशावर वाजवू?" मग तिने डावीकडे, नेहमीच्या जागी, एक लाथ घातली आणि तार छेडली. मी असा गरजलो की न्हाव्याच्या कात्र्या खुंट्यांवर नाचल्या.

काका शांतपणे ऐकत राहिले. "कळलं तर काही नाही," ते म्हणाले, "पण हा कचरा नव्हे. चिठ्ठी तुम्हीच काढा, लावलीत तुम्ही."

संध्याकाळी 'विहिरी'त जेमतेम पंधरा माणसं होती. 'ओले मोजे'खाली तीन रेघा, त्यातली एक उत्सुमीच्या आईची. तेवढ्यात जिन्यावरून काका उतरले, आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून. तोमोएबाईंनी विचारलं, "कुणासाठी आलात?"

काकांना बँडचं नाव ठाऊक नव्हतं. त्यांनी मंचावर नजर फिरवली आणि सरळ माझ्याकडे बोट केलं. "त्याच्यासाठी."

बाईंनी चष्मा सारखा केला. मग कागदावर नवा रकाना आखला आणि त्यात एक रेघ ओढली. तो कागद सायोने मागून घेतला. चिठ्ठी होती त्याच जागी तो आता माझ्या पोटावर आहे.

तेव्हा मित्रांनो, जुन्या वस्तूंची थट्टा करा, लाथ घाला, वाटल्यास लोणचंही ठेवा. पण टाकायची चिठ्ठी लावण्याआधी एकदा चालू करून बघा आणि दोन मिनिटं थांबा. आम्हाला तापायला वेळ लागतो.