माझा एक पाय सरळ आहे

मी हडळ बोलतेय. दचकू नका. माझी उंची तुमच्या अंगठ्याएवढी, आणि जन्म साच्यातला, करड्या प्लास्टिकचा. टेबलावर फासे टाकून लढाई खेळतात ना, त्या खेळातली मी एक बाहुली. केस मोकळे आहेत, पण तेही प्लास्टिकचे, वाऱ्यावर उडत नाहीत. नखं मात्र लांब आहेत. एवढं सोडलं तर माझ्यात भिण्यासारखं काही नाही. मुंगीसुद्धा माझ्या डोक्यावरून बिनधास्त जाते.

दुकानात मी खोक्यात पडून होते. डोकं एकीकडे, हात दुसरीकडे, पाय तिसरीकडे, सगळे एका चौकटीत अडकलेले. शेजारचे पंखवाले अजगर हातोहात खपायचे. मला कोण विचारतो? मनातून जळायची मी, खोटं कशाला बोलू.

मग एक दिवस ते बापलेक आले. बाप चष्म्याच्या कारखान्यात काचा घासायचा. लेक बारा-तेरा वर्षांची, हातात घेतलेली वस्तू लवकर खाली न ठेवणारी. दुकानदारानं अजगर पुढे केला, सगळे हाच नेतात म्हणाला. पोरीनं त्याच्याकडे बघितलंही नाही. माझं खोकं उलटसुलट करून ती बापाला म्हणाली, "बाबा, तुझ्या गोष्टीतली हीच ना?"

ती लहान असताना बाप तिला हडळीची गोष्ट सांगायचा. हडळीचे पाय उलटे असतात, टाचा पुढे आणि बोटं मागे. म्हणून ती निघून गेली तरी मातीतली पावलं घराकडे येतानाच दिसतात, आणि ती परत आली असं लोकांना वाटत राहतं. दुकानात उभं राहून त्यानं ती गोष्ट पुन्हा सांगितली, दुकानदारही ऐकत बसला. तेवढ्यावर माझी निवड झाली.

माझी जुळणी जेवणाच्या टेबलावर झाली. बापानं एकेक तुकडा चौकटीतून कापला, कडा कानशीनं घासल्या. काचेवर चालणारा त्याचा हात, मला कुठे ओरखडा म्हणून आला नाही. लेकीनं हात चिकटवले, डोकं चिकटवलं, मग उजवा पाय घेतला. खोक्यावरच्या चित्रात पाय उलटे होते, पण पोरीनं सवयीनं तो सरळच बसवला आणि रंगासाठी पाणी आणायला गेली. मागून बापानं डावा पाय घेतला आणि गोष्टीत होता तसा, उलटा चिकटवला. ती आली तेव्हा तो झटपट सुकणारा डिंक पक्का झाला होता. दोघं माझ्याकडे बघत राहिले आणि मग इतके हसले की आई आतून बघायला आली.

पोरीला पाय उपटून पुन्हा लावायचा होता. बाप म्हणाला, "राहू दे. आता हिला येताही येणार नाही आणि जाताही येणार नाही. राहील आपल्याच घरी."

त्यांनी माझ्यासाठी घरचा नियम केला. हडळ जागची हलणार नाही, पण हाताच्या अंतरावर येईल त्याला धरेल. राक्षस सगळे लेकीचे, शिपाई सगळे बापाचे. सुट्टीच्या दिवशी दुपारभर लढाई चालायची. आई कुरिअरच्या ऑफिसात पार्सलं तोलून दमून यायची आणि म्हणायची, आधी ताटं, मग भुतं. मग सगळी फौज खोक्यात जायची. मला त्या बाईचा राग यायचा.

एक गोष्ट मला टेबलावरून दिसायची, पोरीला कधी दिसली नाही. बाप हरायचा तो मुद्दाम. चेहरा गंभीर करायचा, डोकं खाजवायचा, बराच वेळ विचार केल्यासारखं दाखवायचा आणि शेवटचा शिपाई नेमका माझ्या हाताशी आणून ठेवायचा. पोर टाळी वाजवायची. तो कपाळाला हात लावायचा. इतकं चोख नाटक मी दुसरं पाहिलं नाही.

पुढे त्याच्या हातून फासे निसटायला लागले. कारखान्यात काच फुटली. एका दुपारी खेळता खेळता त्याला खुर्चीतून उठताच येईना. आईनं गाडी बोलावली. दाराशी थांबून, आईच्या खांद्यावर भार टाकून, त्यानं मागे वळून टेबलाकडे बघितलं. पोरीला म्हणाला, "खेळी माझी आहे. कुणी हात लावायचा नाही. आल्यावर खेळतो."

त्या दिवसापासून टेबल तसंच राहिलं. आई एकदाही ताटं म्हणाली नाही. दवाखान्यातून येऊन मायलेकी मांडीवर ताट घेऊन जेवायच्या, आणि पोर माझ्यावरची धूळ फुंकरीनं उडवायची, मांडलेला डाव हलू नये म्हणून श्वास जपून. दवाखान्यात तो तिला रोज विचारायचा म्हणे, हडळ आहे ना जागेवर?

तो परत आला नाही.

घर माणसांनी भरलं. आत्यानं टेबलावर मला पाहिलं आणि तिचा सगळा दुःखाचा राग माझ्यावर निघाला. आजारी माणसाच्या घरात हडळ कुणी ठेवतं का, हिचाच पायगुण, आधी फेकून द्या आणि टेबल मोकळं करा, कप ठेवायला जागा नाही. मी त्याला धरून ठेवू शकले असते तर सोडलं असतं का? माझ्या हाताशी त्याचे किती शिपाई आले, फक्त तो स्वतः आला नाही.

आई चहाचा ट्रे घेऊन उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "टेबल मिळणार नाही. डाव चालू आहे." आणि तिनं एकेकाच्या हातात कप दिला.

माणसं पांगल्यावर पोरीनं मला उचललं. डाव थांबल्यापासून पहिल्यांदाच, जागेवरून. तिनं माझा सरळ पाय पकडीत धरला आणि फिरवायला लागली. आईनं विचारलं, काय करतेस. पोर म्हणाली, "दोन्ही पाय उलटे असते ना, तर पावलं घराकडे येताना दिसली असती, बाबा येतोय असं तरी वाटलं असतं."

कट्‌ असा आवाज झाला आणि पाय तिच्या हातात आला. मग ती रडली. इतके दिवस रडली नव्हती, ते सगळं रडली.

आईनं डिंक शोधला. त्या बाईनं आयुष्यात कधी मला हात लावला नव्हता. तिचा अंगठाच आधी माझ्या घोट्याला चिकटला, सोडवताना तिची थोडी कातडी माझ्यावर राहिली. पाय हातात धरून तिनं विचारलं, "कुठल्या बाजूनं लावू?"

पोरीनं माझ्या उलट्या पायावरून बोट फिरवलं. मग म्हणाली, "होता तसाच. तो म्हणाला होता, घरीच राहील."

पाय थोडा वाकडा बसलाय, पण मी उभी राहते. पोरीनं मला माझ्या जागेवर नेऊन ठेवलं. खेळी अजून बापाचीच आहे. मायलेकी अजून मांडीवर ताट घेऊन जेवतात. पोर कधी कधी त्याच्या खुर्चीसमोर बसून मांडलेल्या डावाकडे बघत राहते. बाबा असता तर यातून कसा सुटला असता, कुठून जिंकला असता, ते शोधते. ते तिला कधीच सापडायचं नाही.

कारण त्याची खेळी मला माहीत आहे. त्याचा शेवटचा शिपाई माझ्या हाताच्या टप्प्यापासून एकच पाऊल लांब उभा आहे. दारातून वळून त्यानं त्याच्याकडेच बघितलं होतं. तो शिपाई त्यानं माझ्या हातात दिला असता, कपाळाला हात लावला असता आणि पोर जिंकली असती.

तुमच्यापैकी कुणी कधी त्या घरी गेलात, तर तिला एवढं सांगाल का? की नकाच सांगू? सांगितलंत तर ती खेळी करेल, आणि मग डाव संपेल.